बरे होणे आणि पूर्ण होणे : नागपूरच्या मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, पास्टोरेट कमिट्यांचे सभासद आणि महिला मंडळांच्या पदाधिकारी भगिनी यांस,

विषय : आजारी, शोकाकुल आणि मनाने खचलेल्या माणसांकडून साक्ष घेण्याची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सभेत उभे राहून सांगायला लावण्याची, घाई थांबवण्याबाबत.

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

मी एकतीस वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण आणि विवाह हे तिन्ही याच शहरात झाले. धर्मशास्त्राचे शिक्षण मला नाही, आणि वेदीवरून काय बोलावे हे पाळकांना शिकवण्याचा अधिकारही नाही. जखम कशी भरते एवढे मात्र मला नीट ठाऊक आहे, आणि हे पत्र मी त्याच माहितीच्या आधाराने लिहीत आहे.

मधुमेह्याच्या पायात मोठे गळू झाले की सर्जन चिरा देऊन पू काढून टाकतात, पण ती जखम शिवत नाहीत. ती मुद्दाम उघडी ठेवतात. रोज सकाळी सलाइनने धुवायची, ओला गॉज चिमट्याने अगदी तळापर्यंत हलक्या हाताने भरायचा, वर कोरडे पॅड ठेवून पट्टी बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे काढून पुन्हा तेच करायचे. हे कधी तीन आठवडे चालते, कधी तीन महिने. नातेवाईक दारात उभे राहून विचारतात, ‘‘सिस्टर, टाके घालून टाका ना, एवढं उघडं कशाला ठेवलं?’’ त्यांना दरवेळी तेच सांगावे लागते, की वरची कातडी आधी जुळली तर आत पू साचेल, पेशंटला ताप भरेल आणि डॉक्टरांना तीच जखम पुन्हा चिरावी लागेल. तळातून लाल, दाणेदार मांस धरत वर यायला हवे. कातडी सगळ्यात शेवटी.

माझे म्हणणे असे आहे, की आपल्या मंडळ्यांत जखमा वरून शिवल्या जातात.

कोणत्या मंडळीत काय घडले ते मी लिहिणार नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडत असते तर खुले पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. माझ्यापुरते सांगते. माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ते सव्वादोन वर्षे डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस, दरवेळी चार तास. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना पाण्याचा हिशेब माहीत असेल. दिवसाला एक लिटर, आणि त्यातच चहा, वरण, औषधाबरोबरचा घोट असे सगळे धरायचे. मी एका बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या. घरात परिचारिका असल्याने शिस्त कडक होती, आणि डॉक्टर त्याबद्दल माझे कौतुकही करीत. मे महिन्यातल्या एका रात्री, कूलरही गरम हवा फेकत होता अशा उकाड्यात, त्यांनी अर्धा ग्लास पाणी मागितले. मी बाटली दाखवली आणि म्हटले, ‘‘आजचं संपलं.’’ त्यांनी वाद घातला नाही. पहाटे चारच्या सुमारास ते गेले.

वैद्यकीयदृष्ट्या माझे काही चुकले नव्हते. हे मला त्या रात्रीही माहीत होते आणि आजही माहीत आहे. त्या माहितीचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

चार महिन्यांनी एका उपकारस्तुतीच्या सभेत मला साक्ष देण्यास सांगण्यात आले. मी नको म्हटले. तेव्हा अत्यंत प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून मला सांगण्यात आले, की दुःखाला कवटाळून बसणे ही सैतानाची पकड आहे आणि साक्ष दिली की ती सुटते. त्याआधी, यजमान असतानाच, एका पाहुण्या उपदेशकांनी त्यांचा आजार हटत नाही याचा अर्थ घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे, असे जेवणाच्या पानावर बसून सांगितले होते. पान अर्थातच आम्ही वाढलेले होते. असो. मी उभी राहिले आणि फार सुरेख साक्ष दिली. प्रभूने माझे अश्रू पुसले, मला शांतीने भरले, त्यांच्या शेवटच्या क्षणी खोलीत प्रकाश होता, असे सगळे बोलले. लोकांनी ‘हालेलुया’ म्हटले. त्यातला एक शब्दही खरा नव्हता. घरी आल्यावर माझे हात इतके थरथरत होते की कुलपात किल्ली जाईना. त्या दिवसापासून मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घेणे बंद केले. रविवारी चर्चमध्ये येत असे, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजन असते तेव्हा, काहीतरी निमित्त काढून घरी राहत असे. आठ महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण माझी साक्ष झालेली होती आणि सर्वांच्या वहीत मी ‘बरी’ झालेली होते.

मराठीत ‘बरे’ हा शब्द फार सोयीचा आहे. कसे आहात म्हटले की बरे आहे. रोग गेला तरी बरे, आणि गेला नाही, पण चारचौघांत सांगायचे नाही, तरी बरेच. मार्काच्या शुभवर्तमानात रक्तस्रावी स्त्रीच्या गोष्टीत ‘बरे करणे’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आले आहे ते ‘सोझो’, आणि त्यात वाचवणे, तारणे आणि बरे करणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. येशू ज्या भूमीत बोलत होता तिथला ‘शालोम’ हा शब्दही नुसत्या शांततेचा नाही. ज्या धातूवरून तो आला आहे त्याचा अर्थ अखंड असणे, पुरे असणे असा आहे. हे मी पुस्तकांतून आणि काही चांगल्या पाळकांच्या तोंडून शिकले. मात्र एवढा मोठा अर्थ आपण ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ इतका आखूड कसा करून ठेवला, हे मला कळत नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील ही गोष्ट आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. बारा वर्षांचा आजार, अनेक वैद्यांच्या हातून झालेले हाल, जवळचे सारे खर्च होऊनही गुण नाही, उलट दुखणे वाढलेलेच. (लूकने हीच गोष्ट सांगताना हालांचा आणि दुखणे वाढल्याचा भाग गाळला आहे. पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आमच्या पेशातला माणूस, त्यामुळे मला हे समजू शकते.) ती गर्दीतून मागून येते, वस्त्राला शिवते आणि तिचा रक्तस्राव तत्काळ थांबतो. आपली चंगाई सभा, म्हणजे आजार बरे होण्यासाठी भरणारी प्रार्थनासभा, इथेच संपली असती. पुढे फक्त तिला माईक देणे उरले असते. मार्क मात्र इथे थांबत नाही. येशू उभा राहतो आणि मला कोण शिवले, असे विचारतो. शिष्य वैतागतात. याईर शेजारी उभा आहे, त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजत आहे, आणि तरीही येशू हलत नाही. ती स्त्री भीत, कापत पुढे येते, त्याच्या पाया पडते आणि सर्व काही खरे खरे सांगते. बारा वर्षांचे खरे सांगायला किती वेळ लागला असेल! याईराच्या घरून मुलगी मेल्याचा निरोप येईपर्यंत हे बोलणे चालले होते. त्यानंतर येशू तिला ‘मुली’ म्हणतो, आणि शुभवर्तमानांत त्याने एखाद्या स्त्रीला अशी हाक मारल्याचा हा एकच प्रसंग आहे. मग तो तिला शांतीने जा म्हणतो. तिचे रक्त थांबले होते आधीच. पूर्ण ती झाली त्यानंतर, खरे बोलून झाल्यावर, आणि ते ऐकायला तो थांबला म्हणून.

माझे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसत्या तक्रारीचे होईल.

पुढच्या वर्षीच्या गुड फ्रायडेला मी तीन तासांच्या उपासनेला गेले. बारा ते तीन, एप्रिलचे ऊन, पंखे आणि कूलर यांच्या आवाजात उपदेशाचे निम्मे शब्द विरून जात होते. वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात उद्गारांपैकी चार झाले. पाचव्याला वाचकाने योहानातले ते वाक्य वाचले : ‘‘मला तहान लागली आहे.’’ मी उठून बाहेर आले आणि सायकलस्टँडजवळच्या कडुनिंबाखाली उभी राहिले. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. वधस्तंभावरचा प्रभू पाणी मागतो आहे आणि जवळ उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी त्याला स्पंजातून आंब देतो आहे, हे चित्र मला पाठ होते. माझे यजमान त्या चित्रात कुठे आहेत आणि मी कुठे आहे, हे मात्र त्या दुपारी पहिल्यांदा दिसले. त्याने सुटका वगैरे काही वाटली नाही. आत कोंडलेले काहीतरी पुन्हा वाहू लागले, इतकेच मी म्हणू शकते.

मी उठून गेल्याचे आमच्या महिला मंडळातील एका वयस्कर बाईंनी पाहिले होते. ईस्टर झाल्यावर पहिल्या गुरुवारी त्या माझ्याकडे आल्या. येताना अंबाडीची जुडी आणली होती. आम्ही दोघी बसून ती निवडली. त्यांनी प्रार्थना केली नाही, वचन काढले नाही, काही विचारलेही नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. कधी चवळीच्या शेंगा, कधी निवडायचे तांदूळ. सहाव्या की सातव्या गुरुवारी मी त्यांना सांगितले, की यजमानांनी पाणी मागितले होते आणि मी दिले नाही. बाईंना एका कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे ते वाक्य मला दुसऱ्यांदा, आणि मोठ्याने म्हणावे लागले. मग बाकीचेही सांगितले, म्हणजे ती खोटी साक्ष, देवाचा आलेला राग, आणि यजमानांचाही आलेला राग, कारण शेवटच्या रात्री त्यांनी भांडायला हवे होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘पोरी, मला एक गिलास पाणी दे.’’

तेव्हा माझे वय एकसष्ट होते. जूनच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजनाला गेले आणि प्याला घेतला.

मी आज बरी आहे का, असे विचाराल तर मे महिन्यात मला अजूनही रात्री जाग येते. पण मी अखंड आहे. त्या रात्रीचा तुकडा वेगळा काढून लपवून ठेवावा लागत नाही. प्रार्थनेला बसते तेव्हा तोही माझ्याबरोबर असतो आणि प्रभूला तो माहीत आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताने थोमाला हातांवरचे व्रण दाखवले, ते व्रण पुसून टाकलेले नव्हते, हे मला आता उपदेशापलीकडे समजते.

आपल्याला संथ चालणाऱ्यांची लाज वाटण्याचे काही कारण नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वाटेने आल्या त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने. आपल्या मंडळीचेच पाहा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी म्हणजे सीएनआय स्थापन झाली. मी तेव्हा संडे स्कूलमध्ये होते आणि मोठ्यांच्या गर्दीत मला पाठमोऱ्या माणसांपलीकडे काही दिसले नाही. त्या ऐक्याची बोलणी लखनौला 1929 साली सुरू झाली होती. एक होण्यास आपल्याला 41 वर्षे लागली, आणि तरीही दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिलीच. शिकलेल्या बिशपांना आणि समित्यांना एवढा वेळ लागतो, आणि एखाद्या विधवेला आपण चाळिसाव्या दिवशी विचारतो, ‘‘आता सावरलात ना?’’

मी चंगाईच्या विरोधात नाही. प्रार्थनेने माणसे उठलेली मी वॉर्डात पाहिली आहेत आणि त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनाही काही सुचले नव्हते. पण प्रार्थना करूनही न उठलेली, आणि तरीही शेवटपर्यंत प्रभूचा हात धरून असलेली माणसे मी त्याहून अधिक पाहिली, आणि त्यांच्यासाठी आपल्या सभांमध्ये खुर्ची नसते. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर मिळाले. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारीच सोडले. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, विश्वास वाढव असे सांगितले नाही. हे सारे आपल्याच पवित्र शास्त्रात आहे, फक्त त्यावर सभेची जाहिरात निघत नाही.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे किंवा ज्यांचा आजार चालू आहे, त्यांना आपणहून साक्ष देण्यासाठी बोलावू नये; ते उठले तर त्यांचे ऐकावे, आणि ऐकताना मध्येच ‘हालेलुया’ म्हणून त्यांचे वाक्य पुरे करू नये. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यांतली काही वर्षातून निदान चार-सहा रविवारी मोठ्याने वाचली जावीत, आणि त्यात अठ्ठ्याऐंशीवे असावे, जे अंधार या शब्दावर संपते आणि ज्याच्या शेवटी कोणी दिवा लावलेला नाही. वाचून झाल्यावर लगेच गीत सुरू करू नये, मिनिटभर गप्प बसावे. चंगाईची प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने, मग तो कितीही मोठा पाहुणा असो, आधी स्पष्ट सांगावे की इन्सुलिन, डायलिसिस, झटक्यांच्या गोळ्या, मनाच्या आजाराची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नयेत. पाहुण्याला हे सांगणे अवघड वाटत असेल तर त्याला बोलावू नये. औषध सोडून आलेले पेशंट पुढे कॅज्युअल्टीत कोणत्या अवस्थेत येतात ते मी पाहिले आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मनाच्या आजाराबद्दल तर आपण बोलतच नाही. शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये मानसोपचार विभाग आहेत. पण आपल्यातल्या एखाद्या तरुण मुलाला झोप लागेनाशी झाली की त्याला उपवास प्रार्थनेला बसवले जाते आणि डॉक्टरांकडे नेण्यात सहा महिने जातात. प्रार्थना जरूर करावी, आणि त्याच आठवड्यात त्याला तपासणीला न्यावे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलते. चर्चच्या नोटीस बोर्डावर उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक लावायला कमिटीचा ठराव लागू नये, पण लागत असेल तर करावा.

आणखी एक मागणे आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, की तुमच्यात कोणी दुखणाईत असला तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याच्यावर तेल लावून प्रार्थना करावी. इथे बोलावणारा आजारी माणूस आहे आणि चालत जायचे आहे ते वडिलांनी. आपण उलट केले आहे : वडील मंचावर बसतात आणि आजाऱ्याला रिक्षातून, दोन मजले उचलून, त्यांच्यापुढे आणले जाते. प्रभुभोजन घरी नेण्याची रीत आपल्याकडे पूर्वी होती. माझ्या आजीसाठी पाळक सायकलवरून येत, तेव्हा ओट्यावरचे सामान आवरून, पाट मांडून त्यावर धुतलेले पांढरे कापड घातले जाई. ती रीत कोणी मोडली नाही. ती नुसती करायची राहून गेली.

माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत आपल्यातील एक बाई अर्धांगवायूने पावणेदोन वर्षे अंथरुणावर आहेत. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे साक्ष देता येणार नाही. ऐकू सगळे येते, आणि डाव्या हाताने प्याला धरता येतो, ते मी स्वतः तपासून पाहिले आहे. पुढचा पहिला रविवार जवळच आहे. उपासना साडेदहाला सुटते. अकराला कोणी निघाले तर पोहोचायला दहा मिनिटे लागतील. मी खाली फाटकाशी उभी राहीन. कापड धुऊन ठेवले आहे.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद आणि निवृत्त परिचारिका
नागपूर